क्षेत्रकार्य, तिसरा दिवस

बेचाळीस प्रश्नांची फाइल घेऊन
रैनूबाईच्या ओट्यावर टेकले.
ती तेंदूची पानं मोजत होती,
सत्तर पानांचा एक पुडा.
मान वर न करता म्हणाली,
"कोनाची वं तू? जेवली का? घरी फोन केला?"
माझ्या पहिल्याआधी
तिचे तीन झाले.

फाइल बाजूला ठेवली.
चौदा पुडे बांधले. दोन चुकले.
ते तिनं सोडले, पुन्हा बांधले,
बोलली नाही.

शनिवारी गडचिरोलीला
ढोबळे मॅडमनी अहवालावर पेन्सिल टेकवली,
"हस्तक्षेप काय केलास?"
काही नाही, मी म्हटलं.
बोटं अजून काळपट हिरवी.

मॅडम बोटांकडेच बघत राहिल्या.
सही केली. मग, हळूच,
"सत्तरच का गं?"

ते विचारायचं राहिलंच.