गार ड्रम

अस्माराहून मसावाकडे निघालं
की रस्ता आधी काही बोलत नाही.
दोन वळणं निवडुंगाची, एक चर्चचं,
मग एकदम जमीनच संपते
आणि खाली ढग असतात.
त्यांच्याही खाली समुद्र. दिसत नाही,
पण ओढतो, असं हाब्तेझ्गी म्हणायचा.

फियाट त्याच्याहून वीस वर्षांनी लहान,
खोकायची रीत मात्र दोघांची एकच.
स्टिअरिंग उजवीकडे, दरीच्या अंगाला,
म्हणजे चाक कड्यापासून किती बोटं आत आहे
ते ज्याचं त्याला दिसावं.
पाठीवर संगमरवराचे ठोकळे,
मागे ट्रेलर, त्यावर आणखी ठोकळे,
आणि मी, चौदा वर्षांचा, मांडीवर लाकडी उटी घेऊन.
तिला तिथे टाको म्हणतात. ब्रेकला फ्रेनो.
इटालियन गेले, घाट आणि शब्द ठेवून गेले.

माझं काम एवढंच:
गाडी थांबली की उडी मारायची, चाकाला उटी लावायची.
आणि नाही थांबली तर,
हे त्यानं कधी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

निघण्याआधी तो हवेच्या टाकीतलं पाणी सोडायचा,
काट्यावरचा दाब बघायचा, काचेवर टिचकी मारून पुन्हा बघायचा.
'ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर.
घाई असेल त्यानं काल निघावं.'
ब्रेकवर पाय ठेवून तो कधी बसला नाही.
दाबायचा, सोडायचा,
ड्रमला श्वास घेऊ द्यायचा,
बाकी सगळा भार इंजिनच्या कण्हण्यावर.

नेफासितला उतार संपत नाही, नुसता दम खातो.
तिथे तो उतरून आठही ड्रमांजवळ
पंजाची उलटी बाजू न्यायचा,
तापातल्या पोराच्या कपाळाकडे नेतात तशी.
त्या दिवशी त्याच्या आधी मीच फिरून आलो
आणि फुशारकीनं सांगितलं:
ट्रेलरचं मागचं डावं एकदम झकास,
हाताला गार लागतंय.

तो माझ्याकडे बघत राहिला.
'मग बाकीचे सात कुणासाठी जळतायत?'

चावी त्यानं खिशात टाकली.
लेतेब्रहानच्या कॉफीच्या दुकानातून व्यापाऱ्याला फोन.
जहाज, दंड, करार, आईबाप,
सगळं त्यानं रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरून ऐकलं
आणि म्हणाला, उद्या.
लेतेब्रहाननं पहिली कॉफी ओतली, दुसरी, तिसरी.
तेवढ्यात गिर्मायचा ट्रक गेला,
मागे जळक्या लायनिंगचा वास,
हॉर्न देऊन आम्हाला म्हातारी म्हणत.
आम्ही वाट बघत बसलो,
कशाची, ते कबूल न करता.

गिर्माय पोचला. पैसे घेतले.
रात्री परत जाताना आम्हाला भाजलेला मासा देऊन गेला, कागदात गुंडाळून.
आम्ही तेव्हा ट्रेलरखाली होतो, कंदील घेऊन:
ब्रेकचा दांडा गंजून जागच्या जागी बसलेला,
किती महिने, कोण जाणे.

वळणांवर लोखंडी क्रूस आहेत, कुठे चंद्रकोर,
नावं, सालं, उन्हानं पांढरी पडलेली प्लास्टिकची फुलं.
नेफासितच्या त्या उंबराखाली काही नाही.
तिथे काही घडलंच नाही.
त्याची एवढीच गोष्ट,
आणि सांगायला घेतली की ऐकणारा विचारतो,
बरं, मग पुढे?

पुढे काय.
पुढे तो ऐंशीच्या वर जगून अंथरुणात गेला,
आमच्या धंद्यात ही चैनच म्हणायची.
फियाट माझ्याकडे आली, कुरकुरींसकट,
उटीवर आता फिल्मोन असतो,
एका कानात गाणं, एक कान माझ्यासाठी.

नेफासितला मी त्याला म्हणतो, जा, बघून ये.
तो धुक्यात दिसेनासा होतो, फक्त आवाज येतो,
गरम,
गरम,
हापण गरम,
आणि मी चावीवर हात ठेवून
आठव्या शब्दासाठी थांबतो.