कोण आलंय

पावणेदहाला तासगावहून फोन:
आत घेत न्हाई वो, नुसतं चाक फिरतंय.
सौद्याचा दिवस.
कवठेएकंदच्या पुढं रस्ता खणलेला,
पोचायला अकरा.

शीतगृहाच्या ऑफिसात नसीम मुजावर
हातानं पावत्या फाडत बसलेल्या, जुना कार्बन घालून.
बाहेर पेट्यांवर पेट्या,
आणि अडते बेदाण्याचा नमुना चघळत उभे, गप्प.
गप्प अडत्या कधी बघितलाय?

मी नेहमीचंच केलं.
वायर काढली, फुंकली, लावली.
पिंग मारला, दोन मिलिसेकंदांत ओ दिली.
डिस्क निम्मी रिकामी, मेमरी निवांत.
मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकला.
तरी तेच. चाक. मग 'वेळ संपली'.

इथं थांबले.
चुकीच्यालाही हा 'नाही' म्हणत नव्हता.
नकार म्हणजे तरी उत्तर असतं,
माणूस चप्पल घालतो, घरी जातो.
हे म्हणजे दारात उभं करून
आत कुणीतरी कुणाला तरी विचारायला गेलंय.

पंधरा सेकंदांत आपला प्रोग्रामच कंटाळतो.
त्याला साठांची सबुरी दिली.
विसाव्या सेकंदाला दार उघडलं.
परत केलं. विसावा.
परत. विसावा.
बिघाड इतका वक्तशीर नसतो.
ही सवय असते.

मग तारेवरून जाणारं-येणारं बोलणं उघडून वाचलं.
काउंटरनं टकटक केली
की सर्व्हर आधी मागं वळतो
आणि पाच नंबरच्या पत्त्याला विचारतो:
कोण आलंय? नाव काय ह्याचं?
पाच सेकंद वाट बघतो. पुन्हा विचारतो.
असं चारदा.
मग स्वतःच उठून कडी काढतो.

पाच नंबरला कोण होतं?
जिन्याखाली घरघरायचा त्यो डबा व्हय, वॉचमन म्हणाला,
परवा भंगारात दिला की. बॅटऱ्यांसंगट. किलोवर.

कोथळे काकांना फोन लावला, इचलकरंजीला.
रिटायर होऊन सात वर्षं.
कोण? म्हणाले. मी नाव सांगितलं.
कोण?
मागून सून मोठ्यानं बोलली, तेव्हा ओळख पटली.
अगं, त्यात सगळ्यांची नावं होती,
मी एकेक हातानं घातलेली.
वजनकाट्याचा 'खरंबोल', चेंबर तीनचा 'थंडोबा',
नसीमच्या काउंटरचं 'मायणी', तिचं माहेर तिथलं ना.
नंबर काय, नंबर कुणाचेही असतात.

फोन स्पीकरवर होता.
नसीमताई पावतीबुकात रेघ मारत होत्या,
ती रेघ जरा लांब गेली.

नावं परत घालता आली असती.
पण बाहेर तीन ट्रक, आणि साडेबारा वाजलेले.
दुरुस्ती एका ओळीची असते:
नाव विचारू नको.
लिहिली. बंद करून चालू केला.
नसीमताईंनी बोट टेकवलं न टेकवलं तोच आत.
अडत्यांना कंठ फुटला,
कुणीतरी लगेच दोन रुपयांवरून हमरीतुमरीवर.

आता कुणाला इचारत न्हाई व्हय?
नाही. आता नुसता नंबर बघतो.
बरं हाय, म्हणाल्या,
आणि माझ्या हातावर मूठभर बेदाणा ठेवला,
हिरवा, एकदोन काड्या तशाच राहिलेल्या.

निघताना वहीत पत्ते उतरवून घेतले,
कुठला नंबर कुणाचा.
पाचपुढं लिहिलं: रिकामा.
आणि खाली, बारीक अक्षरात:
दुसऱ्या कुणाला देऊ नये.
का, असं पुढच्या माणसानं विचारलं तर काय सांगायचं
ते अजून ठरवलेलं नाही.