पिलामागे दोन वॅट

गिरणाऱ्याहून फोन आला, रात्री पावणेदहाला.
"बल्ब दहाच्या दहा चालू आहेत," सुगंधा थेटे म्हणाली,
"तरी पिलं एकमेकांवर चढतायत.
ये तू. येताना ते चिमट्याचं मीटर आण."

डिसेंबर. धरणावरचा वारा
हेल्मेटच्या काचेखालून आत.
स्कुटीच्या डिकीत पक्कड, टेस्टर, चिमटा
आणि सातपूरच्या आयटीआयमधली माझी वही,
जिच्या मागच्या पुठ्ठ्यावर
कोकणी सरांनी लिहून दिलं होतं:
विझलेल्या दिव्याला प्रतिरोध विचारू नये.
तो चाळीस ओहम म्हणेल. खोटं नाही बोलणार,
पण ते त्याचं गार असतानाचं उत्तर.
पेटल्यावर तोच पाचशे एकोणतीस.
आधी पेटू द्या. दाब मोजा, प्रवाह मोजा,
मग भागा.

शेडमध्ये तुसाचा वास.
पत्र्याच्या गोल कड्यात पाचशे पिलं, चार दिवसांची,
दहा बल्बांखाली दहा पिवळे ढीग.
उजेड होता की. डोळ्याला पुरेसा.
जरासा गुळाच्या रंगाचा, एवढंच.

चिमटा तारेभोवती मिटला: तीन पूर्णांक आठ अँपिअर.
होल्डरपाशी दाब: एकशे चौऱ्याऐंशी.
खाद्याच्या पोत्यावर वही टेकवून गुणाकार केला,
सहाशे नव्व्याण्णव वॅट.
"शंभराचे दहा आणलेत मी," सुगंधा म्हणाली, "हजार व्हायला पाहिजेत."
काचेवर लिहिलेले शंभर दोनशे तीसला असतात, ताई.
मग पाचशेंनी भागलं.
पिलामागे दोन वॅट यायला हवेत,
येत होते एक पूर्णांक चार.

वाण्याने मापात मारल्यावर बघतात
तशी तिने माझ्याकडे पाहिलं.
"मग उरलेलं कोण खातंय?"

घराच्या मीटरपाशी दाब पुरा होता, दोनशे तीस.
म्हणजे सेहेचाळीस व्होल्ट वाटेत.
वाट म्हणजे पेरूंच्या मधून गेलेली ॲल्युमिनियमची वायर,
तीन ठिकाणी जोडलेली,
एकदा दिराने, एकदा पंपवाल्याने,
आणि एकदा कुणी ते आठवत नाही.
सेहेचाळीस भागिले तीन पूर्णांक आठ,
बारा ओहम.
सांध्यापुढे शून्य लिहायचं असतं,
हे बारा कुठून आले?
तीनशेतले सव्वाशे वॅट तर मीटरमधून निघालेच नव्हते.
पावणेदोनशे निघाले होते, पोचले नव्हते.

पहिल्या सांध्याजवळ तळवा नेला, न लावता.
ऊब आली.
काळी टेप काकवीसारखी ओघळलेली,
आणि बाजूच्या खांबाला चिकटून एक पाल,
अख्ख्या शिवारात एकटीच सुखात.

मेन बंद केला.
अंधारात पाचशे पिलं क्षणभर गप्प,
मग एकदम ओरडली.
सुगंधाने कड्यावर गोधड्या टाकल्या आणि टॉर्च धरायला आली.
ब्लेडने तार खरवडली, नळी चढवली, दाबली.
दुसरा सांधा. तिसऱ्याला बोट कापलं.
"हे तिघांचं तू एकटीने निस्तरतेस," ती म्हणाली.
मी म्हटलं, टॉर्च खाली घ्या.

मेन वर.
पहिल्या झटक्याला दहाही चाळीसचेच,
मग स्थिरावले.
दोनशे अठ्ठावीस. चार पूर्णांक तीन.
नऊशे ऐंशी वॅट, एकेक दिवा पाचशे तीस ओहमचा.
सरांच्या उत्तराला एक जास्त,
तो माझ्या चिमट्याचा दोष.

ढीग मात्र तसेच.
पिलांना आकडे कळत नाहीत, त्यांना वेळ लागतो.
आम्ही उलट्या बादल्यांवर बसलो, बशीत चहा ओतून.
वीसेक मिनिटांनी एक पिलू वरून घसरलं,
उठलं, पाण्याच्या भांड्यापर्यंत एकटंच गेलं.
मग आणखी एक.
मग तूस पिवळं व्हायला लागलं,
कडेपर्यंत, विरळ विरळ.

"किती झाले?" तिने विचारलं.
तीनशे, मी म्हटलं.
ती हसली. "वॅट की रुपये?"

निघताना टॉर्च मारला.
सांधा गार.
खांबावर पाल नव्हती.
तिचा हिशोब मी मांडला नाही.