दोन्ही टोकांना

ॲबर्डीनच्या दवाखान्यात मी नावं टाइप करते.
आज बाकूच्या एक बाई आल्या. ॲन्तिगॅ.
नावाच्या दोन्ही टोकांना उलटा ई;
संगणकाने तिथे प्रश्नचिन्हं ठेवली.

"सवय आहे," म्हणाल्या.
"आजोबांची कबर उजवीकडून वाचायची,
वडिलांची पत्रं रशियन अक्षरांत,
ती माझ्या लेकीला लागत नाहीत.
भाषा तीच हो.
घर तेच, दार तेवढं तीनदा हलवलं."

मागे रांग. काचेपलीकडे समुद्राचं धुकं
करड्या दगडांवर.

मी विचारलं, वहीला काय म्हणता?
दॅफ्तॅर.
अगंबाई, आमच्याकडे ते पाठीला लावतात!
साबणाला?
साबुन.
आणि दिल?
मी छातीवर हात ठेवला.
त्यांनी मोठ्ठा आ केला
आणि जीभ बाहेर काढून दाखवली,
डॉक्टरला दाखवावी तशी.
"हे दिल. बोलतो तेही दिल."

चिठ्ठीच्या पाठीवर त्यांचं नाव मी माझ्या लिपीत लिहिलं.
बॅट, बँकेसाठी आणलेली चंद्रकोर
दोनदा कामी आली.
त्यांनी चिठ्ठी उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली,
पर्समध्ये ठेवली.

औषध पुढच्या बाजूला होतं.