तळटीप

विद्यापीठाचं उपकेंद्र, दोन खोल्यांचं ग्रंथालय.
पवनीकडच्या एसटीनं देवांगना आली, मोबाईल पुढे धरून.
"सापडलं जी मॅडम, आमचा तलाव सातशे वर्षांचा."
कोण म्हणतं?
"इथं लिवलं आहे ना."
कुणी लिहिलं?
तिनं बोटानं पडदा वर ढकलला, आणखी वर.
तळाशी कोणीच नव्हतं.

मग जुना बंदोबस्त अहवाल काढला.
तलाव होता त्यात, पाळीची लांबीही,
वर्षाच्या जागी वाळवीचं भोक.
मी हळहळले. ती भोकातून माझ्याकडे बघून हसली.

बुधवारी बापाला विचारून आली.
तो ढिवर. पाळीतला कोरीव दगड
त्याला आज्यानं दाखवलेला, पाणी उतरलं तेव्हा.
आज्याला कोणी, ठाऊक नाही.
"ठाऊक नाही, हे पण लिहू का जी?"
तेच आधी लिही.

पाचला लाईट गेली.
मोबाईल उलटा ठेवून, त्याच्या उजेडात
तिनं पानाच्या तळाशी रेघ ओढली,
खाली बारीक अक्षरात:
पैकू दसरू नान्हे, मासेमार, तोंडी माहिती.
थांबली. बापाचं नाव
रेशनकार्डाबाहेर पहिल्यांदाच लिहीत होती.
"तारीख कोणती टाकू, सांगितल्याची
का दगड पाहिल्याची?"

मलाही पुस्तक उघडावं लागलं.