दुसरी प्लेट

रविवारी सकाळी सातपूरहून येणारी बस रिकामी असते.
मी खिडकीशी. मांडीवर पिशवी,
पिशवीत डबा, चष्मा आणि अर्थशास्त्राचं पुस्तक.
धाकट्याच्या वह्यांना घालून उरलेला
तपकिरी कागद त्याला पुरला नाही,
मागची बाजू उघडी आहे.

अभ्यासकेंद्र कॉलेज रोडला, वर्ग तिसऱ्या मजल्यावर.
लिफ्ट आहे, पण रविवारी ती झोपते.
कातकाडे हवालदार इगतपुरीहून येतात,
दर वळणावर मोबाईल बघितल्यासारखं करतात.
मी सरळ कठडा धरून दम खाते.

बाकं पोरांच्या मापाची. माझ्या बाकावर
कर्कटकानं कुणीतरी कोरून ठेवलंय:
गणित मेलं.
तारीख नाही, त्यामुळे सुतक कधी फिटलं कळत नाही.

हजेरी.
"बोरस्ते रत्नप्रभा माधव."
कुणीच बोलत नाही.
सर पुन्हा पुकारतात. सगळे इकडेतिकडे बघतात.
मीही बघते, कोण ही बाई,
पैसे भरून वर्गाला येत नाही.

मग आठवतं.
बारावीच्या गुणपत्रकावर ती तशीच राहिलीय,
एकोणिसाव्या वर्षाची, माहेरच्या नावाची.
राजपत्रात बदलून घ्यायचं राहून गेलं.
चोवीस वर्षं मी आहेरांची सून, वहिनी, मम्मी,
कंपनीत लाइन तीनवर नुसती मावशी.

"हजर."
आवाज जरा मोठाच निघाला.

सोमवार ते शनिवार मी बटणं जोडते.
स्प्रिंग, टोपी, टक्.
पाळीला चौदाशे.
हल्ली मनात वेगळंच चालतं:
मागणी, पुरवठा, टक्.
परवा सुपरवायझर म्हणाला, मावशी, ओठ का हलतायत?
म्हटलं, देवाचं.

घरी रात्री अकरानंतर ओटा पुसला की तोच टेबल.
नवरा काही म्हणत नाही.
काही म्हणत नाही म्हणजे नेमकं काय,
हा धडा कुठल्याच पुस्तकात सापडला नाही अजून.

आज सरांनी घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम घेतला.
सर सव्वीसचे असतील. शर्टाला पाकिटातली घडी.
"समजा, तुम्हाला मिसळ आवडते.
पहिली प्लेट: उपयोगिता शंभर.
दुसरी: साठ. तिसरी: वीस. चौथी: शून्य."
पाठीमागून फौजिया म्हणाली,
"सर, एक्स्ट्रा पाव यात धरायचे का?"
सर हसले, फळ्यावर रेघ काढली,
डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली,
कातकाड्यांसारखी, जपून.

मी हात वर केला.
"सर, पहिलीच कधी खाल्ली नसेल तर?"

तक्रार नव्हती हो. खरंच विचारत होते.
मिसळ मी शेकडो वेळा केलीय,
शेव उरली तर शेवटी खाल्लीही, उभ्यानं.
पण हॉटेलात, एकटीनं, खुर्चीवर बसून,
आख्खी प्लेट?

सर म्हणाले, "चांगला प्रश्न आहे,"
आणि फळा पुसायला लागले.

वर्ग दीडला सुटला.
बस पावणेदोनची होती. ती मी जाऊ दिली.
हॉटेलातल्या पोरानं विचारलं, "किती जण?"
"एक."
त्यानं मला चार खुर्च्यांच्या टेबलावर बसवलं.
तीन खुर्च्या माझ्याकडे बघत होत्या.

पहिली प्लेट आली. पापड, दही, दोन पाव.
तर्री झणझणीत, नाकातून पाणी.
सारखी दाराकडे बघत होते,
कुणी ओळखीचं येईल, विचारील,
आज काय, एकट्याच?
काय खाल्लं, ते धड कळलंही नाही.

मग दुसरी मागवली.
अभ्यास म्हणून.

खोटं कशाला सांगू,
दुसरी जास्त चांगली लागली.
मटकी मऊ होती. कांदा ताजा होता.
दाराकडे बघायचं मी विसरले होते.

रात्री गृहपाठात मात्र सरांचंच लिहिलं:
पहिली शंभर, दुसरी साठ.
आकृती काढली, पट्टीनं, नीट.

पाच मार्कांचा प्रश्न आहे.