पाळी

दुरास्नोच्या लोकरगोदामात
सकाळी साडेनऊला आम्ही गठ्ठ्यांवर बसतो,
हात मेंढ्यांच्या चरबीने मऊ, नखं काळी.
तुंबा माझा, थर्मास माझा,
म्हणून पाणी ओतणंही माझंच, गेली एकवीस वर्षं.

पहिला माते ओतणारीनेच प्यायचा.
कडूजहर, घसा खरवडणारा, नळीत भुगा अडकलेला.
तो दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे वैर.
मग दोरिस, मग नेल्सा, मग वॉशिंग्टन,
जो ओठ न पुसता नळी तोंडाला लावतो
आणि मुकादम म्हणून त्याला कोणी बोलत नाही.
मग अनाही.

आमच्यात आभार मानायचे नसतात.
तुंबा परत देताना 'ग्रासियास' म्हटलं
की त्याचा अर्थ, झालं माझं, आता नको.
तेवढ्यासाठीच तो शब्द राखून ठेवलेला.

मंगळवारी अनाहीने
तुंबा हातात घ्यायच्याही आधी म्हटलं,
ग्रासियास.

दोरिसने लोकरीतला काटा उपसता उपसता मान वर केली.
नेल्साने बोटांवर काहीतरी मोजलं.
पोरीने पाळी सोडली
तेव्हाच कळलं आम्हाला, कुठली पाळी चुकलीये.
वॉशिंग्टनला वाटलं, पोट बिघडलंय.
एका अर्थी खरंच होतं म्हणा.

मागच्या नळावर हात धुताना ती म्हणाली,
दवाखान्यातली सुईण सांगते, दिवसाला दोनशे मिलिग्रॅम,
त्याच्यावर नको.
भिंतीवर तक्ता होता. त्यात कप होता,
कानवाला, बशीवाला.
सुल्मा, दोनशे म्हणजे आपले किती?

काय सांगू?
एक तुंबा, पाच तोंडं,
थर्मास रिकामा होईपर्यंत तोच भुगा.
कोणाच्या पोटात किती गेलं
याचा हिशेब इथे कोणी ठेवलेला नाही.
तू काय केलं होतंस, तिने विचारलं.

मी प्यायले होते.
पहिल्या वेळी, पाचव्या महिन्यापर्यंत,
मग प्यायला कारण उरलं, पण पोट उरलं नाही.
डॉक्टर म्हणाले, असं का होतं ते सांगता येत नाही.
सासू म्हणाली, सांगता येतं,
आणि शेगडीजवळच्या तुंब्याकडे बघितलं.
मी तो नेऊन यी नदीत टाकला, पुलावरून.
तुंबा बुडत नाही.
वळणापर्यंत दिसत राहिला, तोंड वर करून.

दोन वर्षांनी नवा आणला.
त्याच्यावर रुबेन झाला, चार किलोचा,
आता ट्रक चालवतो, दारातून वाकून आत येतो.
सासू तेव्हा काही बोलली नाही.
मीच अजून कधीकधी
रात्री नळी धुताना नदीकडे कान लावते.

यातलं काही मी अनाहीला सांगितलं नाही.
सुईण म्हणते ते ऐक, एवढंच म्हटलं,
आणि तिच्या कोपरावरचा फेस पुसला.

बुधवारी तिची जागा सगळ्यांच्या मागे नेली.
वॉशिंग्टन म्हणाला, हे काय नवीन?
म्हटलं, ती वयाने लहान, तिला शेवटी.
एकवीस वर्षांत असा नियम नव्हता. आता आहे.
तीन फेऱ्या तिला वगळून गेल्या.
चौथीला भुगा पार धुतला गेला होता,
फेस मेलेला, वर काड्या तरंगत होत्या.
असला माते पाहुण्यापुढे ठेवला
तर तो उठून जाईल आणि गावभर सांगेल.
तोच मी तिच्यापुढे धरला.
फिका, कोमट, गवताच्या वासाचा.

तिने तुंब्यात डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे.
नळी खुळखुळेपर्यंत ओढला एकच,
तुंबा परत दिला
आणि तो शब्द म्हणाली नाही.

आता साडेनऊला मी गोदामाच्या दारातून
रोजच्यासारखी हाक मारते,
माते!
आणि गठ्ठ्यांमधून आधी तिचं डोकं वर येतं.